श्रेढी, श्रेणी आणि हप्ता

मंडळी, शाळेतलं बीजगणित आठवतंय का? दहावीत अंकगणिती श्रेढी आली होती बघा. ३, ७, ११, १५... दर वेळी तेवढेच मिळवायचे. मग अकरावी-बारावीच्या सुमाराला भूमिती श्रेढी आली. ३, ६, १२, २४... इथे दर वेळी तेवढ्याच पटीने गुणायचं. आणि या दोघींच्या मागे मान खाली घालून उभी राहिलेली तिसरी बहीण म्हणजे हरात्मक श्रेढी. १, १/२, १/३, १/४... हिचे व्यस्त घेतले की अंकगणिती श्रेढी मिळते. बस्स, एवढीच तिची ओळख. परीक्षेत दोन मार्कांपुरती यायची आणि पेपर संपला की कायमची जायची.

आज या तिघींवर लिहायचं कारण म्हणजे गेले दोन महिने आमच्या घरी एका फ्लॅटवरून जे काही चाललं होतं ते. मला पुण्यात घर घ्यायचं होतं, बाबांचा विरोध नव्हता, आई तर खूशच होती. तरी रोज रात्री फोनवर वाद. हळूहळू लक्षात आलं की वाद पैशाचा नव्हताच. आम्ही दोघं वेगवेगळ्या श्रेढीत विचार करत होतो.

आधी बाबांची श्रेढी सांगतो. बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. पाचव्या वेतन आयोगाच्या काळात त्यांची वेतनश्रेणी होती ४०००-१००-६०००. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी होती त्यांना हे कोडं नाही. सुरुवात ४००० ला, दर वर्षी १०० ची वाढ, ६००० ला शेवट. गणिताच्या भाषेत पहिलं पद ४०००, सामान्य फरक १००, आणि एकूण पदं २१. श्रेणी आणि श्रेढी यात फक्त एका अक्षराचा फरक आहे, आणि इथे तर तोही नावापुरताच!

या श्रेढीची गंमत अशी की वाढ दिसते सारखी, पण असते घटती. ४००० वर १०० म्हणजे अडीच टक्के. ५९०० वर तेच १०० म्हणजे जेमतेम १.७ टक्के. महागाई भत्ता वेगळा मिळायचा म्हणून घर चाललं. पुढे सहाव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २००६ पासून वार्षिक वाढ ३ टक्क्यांची केली, म्हणजे सरकारी पगार चक्क अंकगणितीतून भूमिती श्रेढीत गेला. पण माणसाचा स्वभाव काही शासन निर्णयाने बदलत नाही. बाबा अजूनही 'दर वर्षी किती रुपये' असंच मोजतात. आम्ही आयटीवाले मात्र 'किती टक्के' शिवाय दुसरं काही विचारतच नाही.

आता भूमिती श्रेढी. हिचं सगळ्यात भारी उदाहरण मला कुठल्या गुंतवणुकीच्या पुस्तकात सापडलं नाही, सापडलं ते भास्कराचार्यांच्या लीलावतीत. सन ११५० च्या सुमाराचा ग्रंथ. त्यात श्रेढींवर वेगळं प्रकरणच आहे. पहिलं पद म्हणजे 'आदि', फरक म्हणजे 'चय', पदांची संख्या म्हणजे 'गच्छ'. एक दाता पहिल्या दिवशी ४ द्रम्म देतो, मग रोज ५ ने वाढवत जातो, तर पंधरवड्यात किती दिले? उत्तर ५८५. ही झाली बाबांची श्रेढी.

लगेच पुढे दुसरा दाता येतो. हा पहिल्या दिवशी फक्त २ कवड्या देतो, पण रोज दुप्पट करायचं वचन देऊन बसतो. महिन्याभरात किती? उत्तर २,१४,७४,८३,६४६ कवड्या. त्या काळच्या नाण्यांत १,०४,८५७ निष्क आणि वर काही चिल्लर.

प्रोग्रामर मंडळींचे डोळे इथे चमकले असतील :-) ३२ बिटच्या साइन्ड इंटिजरमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. म्हणजे भास्कराचार्यांच्या दात्याचा हिशोब आपल्या साध्या 'इंट'मध्ये बरोब्बर मावतो, आणि वर एका कवडीची जागा उरते! महिना ३१ दिवसांचा धरला असता तर ओव्हरफ्लो. २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल'च्या व्ह्यूजनी यूट्यूबवर जी मर्यादा ओलांडली होती ना, तीच ही.

आणि हे उत्तर काढायची रीत बघा. २ चा ३० वा घात हवाय, पण तीस वेळा गुणत बसायचं नाही. गच्छ सम असेल तर अर्धा करा आणि 'वर्ग' लिहा, विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा, शून्य येईपर्यंत. ३० चे १५, १४, ७, ६, ३, २, १, ०. मग उलट्या क्रमाने वर्ग आणि गुणाकार करत या. आठ पायऱ्यांत काम तमाम. इंटरव्ह्यूमध्ये फळ्यावर जो 'फास्ट पॉवर' लिहायला लावतात तो हाच. ही युक्ती तर त्याहूनही जुनी, पिंगलाच्या छंदःशास्त्रापर्यंत मागे जाते.

असो. मूळ मुद्द्यावर येऊ. गृहकर्ज.

आकडे असे: कर्ज ५० लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं ७,९७४ रुपयांचं. पुढच्या प्रत्येक हप्त्यातला मुद्दलाचा वाटा आधीच्याच्या १.००७०८ पट. म्हणजे शुद्ध भूमिती श्रेढी. सुरुवातीला ही श्रेढी इतकी हळू चालते की पाच वर्षांत २६ लाख भरून झाले तरी मुद्दल कमी झालेलं असतं फक्त ५.९४ लाखांनी. निम्मं मुद्दल फिटायला १६६ वा हप्ता उजाडतो. जवळजवळ चौदा वर्षं!

हे कोष्टक मी बाबांना दाखवलं. ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "माझ्याकडचे दहा लाख घे. आधीच भर."

दहा लाख म्हणजे त्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेले पैसे. आईच्या आणि त्यांच्या म्हातारपणासाठी बँकेत ठेवलेले. मी गणित केलं. कर्ज ४० लाख आणि हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी १५० हप्त्यांत घर मोकळं. साडेसात वर्षं वाचतात. गणित बाबांच्याच बाजूने बोलत होतं.

"बाबा, ते पैसे तुमच्या दोघांचे आहेत. उद्या काही दुखलं-खुपलं तर?"

"पेन्शन आहे मला. अरे, वीस वर्षांनी मी एक्याऐंशीचा असेन. कर्ज नसलेलं घर मला बघायचंय."

यावर काय बोलणार? मी अठ्ठावीसचा. मला २०० वा हप्ता आणि २४० वा हप्ता यातला फरक एक्सेलच्या ओळींइतकाच वाटायचा. त्यांच्या लेखी ते चाळीस महिने होते, आणि ते महिने आपल्याला मिळतीलच हे गृहीत धरायला ते तयार नव्हते.

इथे ती विसरलेली तिसरी बहीण कामाला आली. १२० किलोमीटरचा प्रवास घ्या. ताशी २० च्या वेगाने सहा तास, ४० च्या वेगाने तीन, ६० च्या वेगाने दोन. वेग अंकगणिती श्रेढीत वाढला की वेळ हरात्मक श्रेढीत घटतो. पहिल्या २० ने तीन तास वाचतात, पुढच्या २० ने एकच. म्हणजे पहिली वाढ सगळ्यात मोलाची.

कर्जाचा स्वभावही असाच. व्याजामुळे ती नेमकी हरात्मक श्रेढी राहत नाही, पण चाल तीच. पहिल्या दिवसापासून हप्ता २,००० नी जास्त भरला तर मुदत २४० महिन्यांवरून २१५ वर येते. आणखी २,००० टाकले तर १९५. मग १७९. वाचणारे महिने २५, २०, १६ असे घटत जातात. म्हणजे एकदम फार मोठी उडी मारायची गरज नाही. छोटी वाढ, पण लवकर सुरू केलेली, आणि न चुकता.

मग मी बाबांच्याच पद्धतीने मांडणी करून बघितली. पहिल्या वर्षी हप्ता ४३,३९१. दर वर्षी त्यात २,००० ची वाढ. टक्के-बिक्के काही नाही, सरळ रुपये. कर्ज फिटतं १३ वर्षांत. १५६ हप्ते. बाबांचे दहा लाख घालून साडेबारा वर्षं, न घालता तेरा!

त्यांना कोष्टक पाठवलंच नाही. फक्त एक ओळ पाठवली: ४३३९१-२०००-६७३९१.

दहा मिनिटांत फोन. "ही कोणती श्रेणी काढलीस?"

"हप्त्याची. तेरा पदं."

पलीकडे थोडा वेळ शांतता. ते कागदावर आकडे टाकत होते हे पेनाच्या आवाजावरून कळत होतं. मग म्हणाले, "म्हणजे मी चौऱ्याहत्तर. जमेल." आणि लगेच, "पण एखाद्या वर्षी तुझी पगारवाढ नाही झाली तर? दोन हजार कुठून आणशील?"

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या क्षेत्रात पगाराची श्रेढी कधी कधी मध्येच संपते, पुढचं पद येतच नाही. शेवटी असं ठरलं की बाबांचे पैसे बँकेत त्यांच्याच नावावर राहतील. माझी नोकरी गेली तर त्यातून सहा महिन्यांचे हप्ते, तेही उसने. बाकी हात लावायचा नाही. आईने मध्येच फोन घेऊन "आता दोघांनी जेवायला बसा" असं सांगितलं आणि बैठक बरखास्त झाली.

हे सगळं व्याजदर तोच राहील असं धरून आहे, आणि तो तसा राहत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. दर वाढला की तेराची साडेतेरा-चौदा होतील, घटला की साडेबारा. पण सुरुवातीच्या वर्षांत टाकलेल्या पैशाचं वजन कुठल्याही दराला जास्तच. पहिल्या वर्षाअखेरीला जादा भरलेला एक लाख शेवटचे सुमारे ११ हप्ते खातो. तोच एक लाख पंधराव्या वर्षाअखेरीला भरला तर जेमतेम साडेतीन.

तेव्हा या वीकेंडला एक काम करा. कर्ज असेल तर बँकेकडून परतफेडीचं पूर्ण कोष्टक मागवा आणि त्यातला मुद्दलाचा रकाना वरून खाली वाचा. जमलं तर घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून वाचा. ते कोणत्या श्रेढीत मोजतात ते आधी विचारा, आपले टक्के त्यांना नंतर ऐकवा.