बनमस्का खायला पुण्याला

निरवांगीच्या मुलांनो, आणि निरवांगीच कशाला, कळंब, निमगाव केतकी, लासुर्णे, सणसर, नीरेच्या खोऱ्यातल्या सगळ्याच मुलांनो, सकाळच्या चहात तुम्ही काय बुडवता? कुणी भाकरी बुडवत असेल, कुणी चपाती. पण पाहुणे आले, की डब्यातून निघते खारी, नाहीतर टोस्ट. खारीचा पापुद्रा कपात पडून तळाशी जातो आणि मग तो बोटाने काढावा की चहा संपल्यावर चाटून खावा, हा मोठा प्रश्न असतो.

ही खारी, हा टोस्ट, हा बटर आपल्या चुलीवर होत नाही. तव्यावर भाकरी होते, कढईत भजी होतात, पण पाव व्हायला चारही बाजूंनी सारखी धग लागते. त्यासाठी हवी भट्टी. आणि भट्टी असलेली, वर बसून खायलाही मिळणारी दुकानं बघायची, तर बारामतीमार्गे एसटी धरून सरळ पुण्याला जायला हवं. दीडशे किलोमीटरच्या आतबाहेरचा प्रवास आहे. या सुट्टीत आईबाबांच्या मागे लागा.

पुण्यात डेक्कनला उतरलात, की फर्ग्युसन रस्ता जिथे सुरू होतो तिथे एक चौक आहे. कुणालाही विचारा, ‘गुडलक चौक कुठे?’ लहान पोरही सांगेल. चौकाला हे नाव कुणा पुढाऱ्यावरून पडलेलं नाही. ते पडलं कोपऱ्यावरच्या ‘कॅफे गुडलक’वरून. हे इराणी हॉटेल १९३५ साली सुरू झालं. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या तरुणपणापासून ते तिथे चहा पाजतं आहे.

सकाळी जा. दहाच्या आत गेलात तर गंमत दिसेल. एका टेबलावर कॉलेजची पोरं, त्यांच्या शेजारी फिरून आलेले आजोबा, तिकडे रात्रपाळी करून निघालेला कुणी, पलीकडे एक अख्खं कुटुंब. या खाण्याला न्याहारी म्हणावं की जेवण, हे ठरवणं कठीण आहे. कारण कुणी नुसता चहा पितंय, कुणी ऑम्लेट-पाव खातंय आणि कुणी खिमा-पाव चेपतंय. इंग्रजीत अशा मधल्या खाण्याला ‘ब्रंच’ असा जोडशब्द आहे. ब्रेकफास्टचं डोकं आणि लंचचं शेपूट. आपल्याकडे शेतावर दहा-अकराला जी भाकरी सुटते, तिला कुणी असं नाव दिलं नाही इतकंच!

तुम्ही मात्र मागवा बनमस्का आणि चहा. बन म्हणजे गोडसर, गोल, मऊ पाव. तो मधोमध कापायचा आणि आत लोणी चोपडायचं, हात आखडता न घेता. मस्का हा शब्द फारसी आहे, अर्थ लोणी. आपण एखाद्याला ‘मस्का मारतो’ ना, तो हाच. नानकटाईतला ‘नान’ही फारसीच, म्हणजे रोटी. आणि ‘पाव’? तो पोर्तुगीज. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, त्यांच्याबरोबर त्यांचा ‘पांव’ आला. बटाटा आणि मिरची ही पिकंही त्यांनीच समुद्रापलीकडून आणली. म्हणजे आपला अस्सल मराठी वडापाव! आता हसा.

एक गंमत आणखी. गोव्यात तेव्हा यीस्ट कुठून मिळणार? मग तिथल्या पाववाल्यांनी, म्हणजे पोदेरांनी, माडाची ताडी वापरून पीठ फुगवायला सुरुवात केली. माडाचा ताजा रस म्हणजे नीरा, तो आंबला की ताडी. आपल्या नदीचं नाव नीरा आणि पावाची सुरुवातही नीरेपासून. या दोन नीरांचा तसा काही संबंध नाही, पण मला हे फार आवडतं.

पीठ फुगतं कसं, हे घरी बघता येईल. किराणा दुकानात किंवा बेकरीत यीस्ट मिळतं. ती एक अतिसूक्ष्म बुरशी असते. रिकाम्या बाटलीत कोमट पाणी घ्या, त्यात दोन चमचे साखर आणि एक चमचा यीस्ट टाका, हलवा, आणि बाटलीच्या तोंडाला फुगा लावा. अर्ध्या-एक तासात फुगा मान वर काढू लागेल. यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं. पावाच्या पिठात हाच वायू मैद्याच्या चिकट जाळ्यात अडकतो. भट्टीत गेल्यावर तो तापून आणखी पसरतो, जाळं तिथल्या तिथे घट्ट होतं, आणि पाव कापला की तुम्हाला ती भोकं दिसतात. पाणी कोमटच हवं हं, उकळतं टाकलंत तर यीस्ट मरेल आणि फुगा ढिम्म हलणार नाही.

बेकरीत हे काम चालतं रात्री. तुम्ही झोपलेले असता तेव्हा पीठ मळून फुगायला ठेवलेलं असतं. पहाटे त्याचे गोळे पत्र्याच्या ट्रेमध्ये चिकटून चिकटून मांडतात, म्हणून भाजल्यावर त्याची अख्खी ‘लादी’ होते. मग लांब दांड्याच्या फळीने ट्रे भट्टीत सरकवायचे. दांडा लांब का, ते भट्टीच्या तोंडाशी एकदा उभं राहिल्यावर कळतं. माणूस तिथे मिनिटभर थांबू शकत नाही. पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांत हे काम करणारे पुष्कळजण दूर उत्तर प्रदेशातून आलेले असतात. आपल्याला सकाळी पाव मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षं रात्री जागतात.

आता या हॉटेलांना ‘इराणी’ का म्हणतात ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून, विशेषतः यझ्द आणि केरमान या भागांतून बरीच माणसं मुंबईला आली. त्यांच्यात झरतुष्ट्राचा धर्म मानणारे होते, मुसलमानही होते. तिकडे गरिबी होती, झरतुष्ट्री लोकांना तर छळही सोसावा लागे. इथे येऊन त्यांनी चहा विकला, बेकऱ्या काढल्या, आणि मुंबईहून काहीजण पुण्याला आले. असं म्हणतात, की कोपऱ्यावरची जागा आपल्या व्यापाऱ्यांना अशुभ वाटायची, ती इराण्यांनी घेतली. खरंखोटं काहीही असो, कोपऱ्याला दोन्हीकडून वारा येतो आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक!

पण कोपऱ्यापेक्षा मोठी गोष्ट होती ती हॉटेलातल्या टेबलाची. ती समजायला आपल्याला आणखी मागे, १८९० साली जावं लागेल.

पुण्यात गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे. त्याचा उंच मनोरा लांबून दिसतो. त्या वर्षी तिथे एक व्याख्यान झालं आणि पुण्यातली चाळीस-पन्नास नामवंत मंडळी त्याला गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, चोवीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखलेही होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी नुसता पेल्याला हात लावला. झालं! गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान, मोठे खोडकर गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची यादी ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात छापून आणली. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा आणि बिस्किटं! पुण्यात गदारोळ उठला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, माणसांना वाळीत टाकण्याची भाषा झाली, घरोघरच्या लग्नाकार्यांत अडचणी आल्या. शेवटी रानड्यांसारख्या माणसानेही प्रायश्चित्त घेतलं. एका कपासाठी आणि एका बिस्किटासाठी!

पावाचं तर त्याहून वाईट. वसई-गोव्याकडे गोष्ट सांगतात, की पोर्तुगीजांच्या काळात विहिरीत पावाचा तुकडा टाकला, की ते पाणी पिणारं अख्खं गाव बाटलं असं धरत. पाव तोच, आज जो आपण मिसळीत बुडवतो.

आणि हे झालं वरच्या जातीतल्या लोकांचं रडगाणं. ज्यांना हॉटेलात पाऊलच टाकू देत नसत, त्यांचं काय? आपल्या भागातल्या आजी-आजोबांना विचारून बघा. चहाच्या दुकानाबाहेर दलितांसाठी वेगळा कप ठेवलेला असायचा, तो त्यांनीच विसळून परत ठेवायचा. काही आजोबा सांगतील, काही गप्प बसतील. गप्प बसले तरी त्यातून काय समजायचं ते तुम्हाला समजेल.

आता पुन्हा त्या टेबलाकडे या. इराण्याचा गल्ला म्हणत नसे, ‘तुमची जात कोणती?’ जागा मिळेल तिथे बसायचं, समोर अनोळखी माणूस असला तरी. दोन आण्यांत तासभर पेपर वाचत बसता येई. सगळीकडे सगळे एका दिवसात सुधारले असं नाही. घरी जाऊन अंघोळ करणारेही असतील. पण चौकात, सगळ्यांच्या देखत, एका टेबलावर, एकाच कपबशीतला चहा प्यायची सवय शहरातल्या माणसाला ज्यांनी लावली, त्यांत या कोपऱ्यावरच्या चहावाल्यांचं नाव घ्यायलाच हवं. भाषणं झाली, चळवळी झाल्या, त्यांचं काम मोठंच. पण भूकही आपलं काम करत होती! आणि बघा योगायोग, गुडलकच्या दारातून जो फर्ग्युसन रस्ता जातो, त्याचं अधिकृत नाव आहे नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता. त्याच गोखल्यांचं नाव, ज्यांनी पंचहौदातल्या चहाचा ताप सोसला.

अशी हॉटेलं आता झपाट्याने कमी होत आहेत. पुण्यातलं ‘लकी’ गेलं, कॅम्पातलं ‘नाझ’ गेलं. कारणं साधी आहेत. मालकांची मुलं-नातवंडं इंजिनिअर, डॉक्टर झाली, परदेशी गेली. पहाटे चारला उठून गल्ल्यावर कोण बसणार? मोक्याच्या कोपऱ्याचा भाव असा वाढला, की चहा विकण्यापेक्षा जागा विकणं फायद्याचं. शिवाय तासभर एका चहावर बसणारं गिऱ्हाईक आजच्या भाड्यात परवडत नाही. मुंबईत तर भट्टीचाच प्रश्न उभा राहिला. २०२५च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने तिथल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. बेकरीवाले म्हणाले, नवी भट्टी महाग आहे आणि लाकडाच्या धगीची चव येत नाही. चवीचं खरं असेलही. पण धूर आधी जातो तो भट्टीपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत, तेव्हा मी काही चवीच्या बाजूने भांडणार नाही.

गुडलकमधून निघालात, की कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर जा. तिथे १९५५ साली सुरू झालेली कयानी बेकरी आहे. इथे बसायला जागा नाही, फक्त रांग. रांग कशासाठी? श्रूजबरी बिस्किटांसाठी. श्रूजबरी हे इंग्लंडमधलं एक गाव, सेव्हर्न नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेलं. त्या गावाच्या नावाचं बिस्कीट, ते करणारे इराणी, आणि ते घरी नेणारे पुणेकर. लोणी, मैदा आणि साखर, बस्स, पण तोंडात टाकलं की विरघळतं.

साखरेवरून आठवलं. वालचंदनगरचा साखर कारखाना विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकातला, भवानीनगरचा छत्रपती कारखानाही आपल्याच तालुक्यातला. नीरेचं पाणी उसात, ऊस गव्हाणीत, साखर पोत्यात आणि पोतं कुठल्या कुठे! तुमच्या हातातल्या बिस्किटातला एखादा दाणा तुमच्या शिवारातून आलेला असू शकतो. कुणी शोधून काढू शकणार नाही, पण नाही असंही कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

दोन सूचना. पहिली, कयानी दुपारी बंद असते. तेव्हा सकाळीच जा, नाहीतर बंद दारापुढे उभं राहून आईबाबांची बोलणी खाल. दुसरी, ही बिस्किटं भलती ठिसूळ. पुडा एसटीच्या वरच्या फळीवर टाकू नका, मांडीवर घ्या. बारामतीच्या आत फोडायचा नाही असं ठरवून बसा. हडपसर मागे पडलं की वास येऊ लागेल, आणि शेजारच्या सीटवरचं अनोळखी पोरगं पुड्याकडे बघायला लागेल. त्यालाही द्या एक.