एका दिवसाचा उशीर

कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइज इथल्या बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून फ्रँक वेदरवॅक्स यानं तीन डॉलरला एक थोराड, पिवळसर पिल्लू घरी आणलं आणि त्याचं नाव स्पाइक ठेवलं. वेदरवॅक्स घराणं कुत्र्यांना कॅमेऱ्यासमोर काम करायला शिकवणारं. फ्रँकचा भाऊ रड यानं लॅसीला पडद्यावर आणून जगभरच्या मुलांची लाडकी केलं होतं. स्पाइकही शिकला, आणि 1957 साली डिस्नेच्या ‘ओल्ड येलर’मध्ये त्यानं मुख्य भूमिका केली. त्या चित्रपटात घरच्यांना वाचवताना कुत्र्याला पिसाळीचा रोग लागतो आणि ज्या मुलाचा तो जिवलग, त्यालाच बंदूक उचलावी लागते. अमेरिकेतली एक अख्खी पिढी त्या प्रसंगाला रडली. त्यानंतर स्पाइकच्या वाट्याला आला तो पात्राश. 1960 साली प्रदर्शित झालेल्या ‘अ डॉग ऑफ फ्लँडर्स’मधला टाकून दिलेला, मार खाऊन अर्धमेला झालेला कुत्रा.

गोष्ट बेल्जियमची. अँटवर्पजवळच्या एका खेड्यात येहान दास नावाचा म्हातारा राहतो. एके काळचा शिपाई, लढाईत पाय अधू झालेला. त्याची मुलगी दोन वर्षांचं पोर मागे ठेवून गेली. ते पोर म्हणजे नेलो. गावातल्या गाईगुरं असणाऱ्यांचं दूध छोट्या गाडीत घालायचं आणि रोज शहरात पोचवायचं, एवढंच त्या झोपडीचं उत्पन्न. एकदा जत्रेच्या दिवशी आजोबा-नातवाला रस्त्याकडेच्या गवतात एक कुत्रा पडलेला दिसतो. भांडीकुंडी विकणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यानं त्याला मोडेपर्यंत राबवलेलं, झोडपलेलं, आणि मेला समजून टाकून दिलेलं. दोघं मिळून त्याला घरी नेतात. स्वतःच्या तोंडी पुरेसा घास नसलेल्या घरात आणखी एक तोंड येतं.

तो बरा झाल्यावरची एक सकाळ मूळ कथेत फार सुंदर आली आहे. म्हातारा गाडी ओढायला बाहेर येतो, तर पात्राश आधीच दोन दांड्यांच्या मध्ये जाऊन उभा असतो. कुत्र्याला जुंपणं हे पाप आहे असं येहान दासचं मत. तो त्याला बाजूला सारतो. मग पात्राश गाडी दातांनी ओढू पाहतो. शेवटी म्हातारा हार मानतो आणि गाडीला कुत्र्याच्या बेताचं जू बसवून देतो. कथेतला जिव्हाळा या जागी रुजतो. पात्राश हा कुरवाळण्यापुरता पाळलेला कुत्रा नाही, तो घरातला कमावता आहे. नेलो आणि तो एकमेकांचे सोबती आहेत, कारण दोघं एकाच गाडीला लागलेले आहेत.

हे कल्पनेतलं चित्र नव्हतं. बेल्जियममध्ये कुत्र्यांनी ओढलेल्या दुधाच्या, पावाच्या, भाजीच्या गाड्या हे विसाव्या शतकातही रोजचं दृश्य होतं. पितळी कॅन लखलखताहेत, बाजूनं दूधवाली चालली आहे आणि पुढे अंगापिंडानं मजबूत कुत्रा आहे, अशी जुनी पोस्टकार्डं आजही संग्रहांत सापडतात. 1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बेल्जियमच्या सैन्याच्या मशीनगनसुद्धा कुत्रेच ओढत होते. इंग्लंडमध्ये मात्र कुत्र्यांना गाडीला जुंपण्यावर लंडनपुरती 1839 च्या कायद्यानं आणि पुढे 1854 मध्ये देशभर बंदी आली होती. म्हणूनच ही कथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेच्या डोळ्यांत ते दृश्य खुपलं असावं.

त्या लेखिकेचं नाव मारिया लुईझ रामे. ‘वीडा’ या टोपणनावानं ती लिहायची. 1839 मध्ये बरी सेंट एडमंड्स या इंग्लिश गावात जन्म. भडक, रंगेल, हातोहात खपणाऱ्या कादंबऱ्यांची ती राणी. लंडनच्या लँगहॅम हॉटेलात तिचा मोठा थाट असे. पैसा आला तसा तिनं उधळला, पण मुक्या प्राण्यांच्या बाबतीत तिनं कधी तडजोड केली नाही. जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध तिनं तिखट पुस्तिका लिहिल्या. पुढे इटलीत राहताना तिच्या घरात कुत्र्यांचा गोतावळा असे, आणि हातात पैसा उरला नाही तेव्हाही तो कमी झाला नाही. 1908 मध्ये व्हियारेज्जो इथं ती दारिद्र्यात वारली. तिच्या जन्मगावी लोकांनी तिचं स्मारक उभारलं, ते घोड्यांना आणि कुत्र्यांना पाणी पिता यावं अशा हौदाचं. त्यावरचा मजकूर लॉर्ड कर्झननं लिहिला, बंगालच्या फाळणीनं आपल्याला ठाऊक झालेल्या त्याच कर्झननं.

‘अ डॉग ऑफ फ्लँडर्स’ वीडानं 1872 मध्ये प्रसिद्ध केली. लहानशीच कथा, पण तिच्यात संताप भरून आहे. तो संताप व्यापाऱ्याच्या चाबकावर आहे तसाच गावाच्या मनावरही आहे.

नेलोला चित्रं काढायची असतात. अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये रूबेन्सची दोन भव्य चित्रं आहेत. एकात क्रूस उभारला जातो आहे, दुसऱ्यात येशूला क्रुसावरून खाली उतरवलं जातं आहे. पहिलं 1610-11 चं, दुसरं 1612 ते 1614 मधलं. नेलो रोज दूध पोचवून झालं की त्या देवळात शिरतो, पण ती चित्रं पडद्याआड असतात. पडदा बाजूला व्हायचा तर चांदीचं नाणं मोजावं लागतं. हेही लेखिकेच्या पदरचं नव्हतं. एकोणिसाव्या शतकातल्या प्रवासी मार्गदर्शिकांमध्ये ही चित्रं पाहायला किती पैसे पडतात ते छापलेलं असे. ज्यानं आयुष्यभर दुधाच्या कॅनवर सूर्य चमकताना पाहिला, त्या पोराला आपल्याच गावच्या चित्रकाराचं चित्र पाहता येत नाही. वीडाच्या कथेत गरिबीचं सगळ्यात बोचरं रूप भूक नव्हे, तो पडदा आहे.

त्या पडद्यामागे काय होतं हे जवळून पाहण्याजोगं आहे. क्रुसावरून उतरवण्याच्या चित्रात एक पांढरं कापड वरच्या कोपऱ्यापासून खाली तिरकं ओघळत आलं आहे. शिडीवर ओणवा झालेला एक माणूस, हात मोकळे राहावेत म्हणून, ते कापड दातांत धरून आहे. खाली तांबडी वस्त्रं ल्यालेला योहान सगळा भार अंगावर घेतो, आणि निष्प्राण पाऊल मारी मॅग्डलेनच्या खांद्याला टेकलं आहे. एकाही हाताला उसंत नाही. सगळे मिळून एक देह जपून खाली आणताहेत. दुसऱ्या चित्रात, जिथं क्रूस वर ढकलणाऱ्यांचे स्नायू तटतटलेले आहेत, तिथं डाव्या कोपऱ्यात खालच्या बाजूला रूबेन्सनं एक कुरळ्या केसांचा कुत्रा रंगवला आहे. एवढ्या गदारोळात तो तिथंच उभा आहे. नेलोला हे चित्र आधी दिसलं असतं तर पात्राशला हा सोबती दाखवायला तो विसरला नसता.

पुढची हकिकत झरझर घडते. गिरणीवाल्या कोगेझची मुलगी अलॉईस नेलोची मैत्रीण. गरीब पोराशी तिचं गूळपीठ बापाला नको. गिरणीला आग लागते आणि आळ नेलोवर येतो. गाव त्याला दूध देणं बंद करतं. नाताळाच्या तोंडावर आजोबा जातात, भाडं थकलेली झोपडी जाते. चित्रस्पर्धेसाठी त्यानं खडूनं काढलेलं म्हाताऱ्या लाकूडतोड्याचं चित्र हरतं. त्याच हिमवर्षावाच्या रात्री पात्राश बर्फ उकरून पैशांची पिशवी काढतो. ती कोगेझची असते, तिच्यात दोन हजार फ्रँक असतात. नेलो ती त्याच्या घरी नेऊन देतो, पात्राशला सांभाळा म्हणतो आणि निघून जातो. ऊब आणि अन्न सोडून पात्राश बर्फातला माग काढत कॅथेड्रलमध्ये पोचतो. मध्यरात्री चंद्रप्रकाशात रूबेन्सची चित्रं उघडी दिसतात. सकाळी दोघं एकमेकांना बिलगून गोठलेले सापडतात.

आणि त्याच सकाळी लोक येतात. कोगेझ येतो, या पोराला मुलासारखा सांभाळीन म्हणत. एक नामवंत चित्रकार येतो, खरं बक्षीस याचंच होतं, मी त्याला शिकवीन म्हणत. कोणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांना फक्त एक दिवस उशीर झाला.

1960 च्या चित्रपटात हा एक दिवस निर्माता रॉबर्ट रॅडनिट्झ आणि दिग्दर्शक जेम्स बी. क्लार्क यांनी परत मिळवून दिला. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससाठी हा चित्रपट त्यांनी हॉलंड आणि बेल्जियममध्ये जाऊन, सिनेमास्कोपच्या रुंद पडद्यासाठी चित्रित केला. नेलो झाला डेव्हिड लॅड, अभिनेता ॲलन लॅडचा मुलगा. आजोबा झाले डोनाल्ड क्रिस्प. 1943 च्या ‘लॅसी कम होम’मध्ये पैशांअभावी मुलाचा कुत्रा विकावा लागणारा बाप त्यांनीच केला होता. त्याआधी ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’मधल्या खाणकामगार बापासाठी त्यांना ऑस्कर मिळालं होतं, आणि त्या चित्रपटाचा संकलक होता हाच क्लार्क. गरिबाचा ताठ कणा कसा दिसतो हे दोघांनाही चांगलं माहीत होतं. चित्रकाराच्या भूमिकेत होता थिओडोर बिकेल. त्याचा चित्रकार पीट फटकळ आहे, पण या पोराच्या हातातली रेघ त्याला ओळखता येते. कथेत शेवटच्या पानावर उगवणारा माणूस चित्रपटात आधीच भेटतो, म्हणून तो वेळेवर पोचतो. नेलो आणि पात्राश जगतात.

मूळ कथेचे भक्त या बदलाला भित्रेपणा म्हणतात, आणि अमेरिकी पडद्यावर नेलो सहसा जगतोच, हेही पुराव्यादाखल सांगतात. जपानमध्ये नेमकं उलट घडलं. तिथं 1908 मध्ये या कथेचा अनुवाद झाला आणि 1975 मध्ये निप्पॉन ॲनिमेशननं तिची 52 भागांची मालिका केली. वर्षभर दर आठवड्याला नेलोला वाढताना पाहिलेल्या मुलांनी शेवटच्या भागात त्याला आणि पात्राशला मरताना पाहिलं. ती मुलं मोठी झाली, हातात पैसा आला, आणि त्यांतली कितीतरी अँटवर्पला येऊन विचारू लागली, नेलोचं गाव कुठं आहे? अँटवर्पच्या लोकांना ती गोष्टच माहीत नव्हती. परक्या इंग्रज बाईनं लिहिलेली, आपल्याला निर्दय ठरवणारी कथा फ्लँडर्सनं कधी आपली मानली नव्हती. 1985 मध्ये जवळच्या होबोकनमध्ये नेलो-पात्राशचा छोटा पुतळा उभा राहिला. 2016 मध्ये खुद्द कॅथेड्रलसमोरच्या चौकात बाटिस्ट व्हर्म्यूलेनचं पांढऱ्या संगमरवराचं शिल्प आलं. त्यात मुलगा आणि कुत्रा रस्त्याच्या फरसबंदीचीच चादर ओढून निजलेले आहेत. लहान मुलं त्यावर चढून बसतात आणि आईवडील फोटो काढतात.

शोकांत शेवटाचं मोठेपण नाकारण्याचं कारण नाही. पण चित्रपटाला भित्रा म्हणताना एक गोष्ट निसटते. रॅडनिट्झनं आजोबांना वाचवलं नाही. भूक, थंडी, दूध बंद झाल्यावर रिकामी राहिलेली गाडी, यांतलं काही त्यानं गाळलं नाही. चमत्कार घडवला नाही, खजिना सापडू दिला नाही, हरवलेला श्रीमंत काका आणला नाही. त्यानं बदललं ते एवढंच की मोठी माणसं वेळेवर शहाणी झाली. हा बदल वीडाच्या संतापाला बोथट करत नाही, तो तिचा आरोप सिद्ध करतो. एक दिवस आधी कोणी दार उघडलं असतं तर पोर जगलं असतं, हेच तर ती म्हणत होती. पुस्तक मिटताना वाचक हळहळतो. चित्रपट पाहणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला मात्र ती मदत प्रत्यक्ष होताना दिसते, आणि ती कशी करतात हेही कळतं.

रॅडनिट्झनं हे पुन्हा एकदा केलं. विल्यम आर्मस्ट्राँग यांची ‘साउंडर’ ही कादंबरी 1969 मध्ये आली. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांमधलं कृष्णवर्णीय कुळाचं घर. भुकेपायी बाप मांस चोरतो, पकडला जातो, आणि त्याच्यामागे धावणाऱ्या शिकारी कुत्र्यावर पोलिसांची गोळी सुटते. पुस्तकात नाव आहे ते फक्त कुत्र्याला, माणसांना नाही. शेवटी कष्टांनी मोडलेला बाप मरतो आणि पाठोपाठ कुत्राही. 1972 मध्ये मार्टिन रिट यांच्या दिग्दर्शनाखाली रॅडनिट्झनं त्यावर चित्रपट काढला. पॉल विनफील्ड आणि सिसिली टायसन आईबाप झाले. चित्रपटाला ऑस्करची चार नामांकनं मिळाली. इथं माणसांना नावं मिळाली. बाप सक्तमजुरीतून लंगडत का होईना परत आला, आणि साउंडरही वाचला. दूरच्या शाळेतल्या शिक्षिकेनं मुलाला राहायला आणि शिकायला बोलावलेलं असतं. बाप आत्ताच घरी आलाय, शेतात हात हवेत, म्हणून पोराचा पाय निघत नाही. तेव्हा तो लंगडा बाप त्याच्यामागे लागतो, त्याला समजावतो, रागावतो, पण शाळेत पाठवल्याशिवाय राहत नाही.