मिरजेची सतारमेकर गल्ली आणि लेस्टरचा तंबोरा

मिरज जंक्शनवर उतरणारा परगावचा माणूस बहुधा दोन कारणांनी आलेला असतो. एक तर त्याला पुढची गाडी धरायची असते किंवा कोणा आप्ताला इस्पितळात दाखवायचे असते. तिसऱ्या कारणाने येणारे थोडे. ते जुन्या शहराकडे वळतात, सतारमेकर गल्ली कोठे म्हणून विचारतात, आणि बोलता बोलता एखाद्या दुकानाच्या पायरीशी थांबतात. आत भिंतीला वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुस्सा, आणि कोणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडीत बसलेला.

सांगलीच्या हळदीच्या पेठेत ज्यांना लहानथोर सर्व अण्णा म्हणतात, ते वृद्ध व्यापारी मागच्या चैत्रात अशाच एका पायरीशी थांबले. सांगली आणि मिरज यांत अंतर ते किती! तरीही उभ्या आयुष्यात या गल्लीत त्यांचे हे पहिलेच पाऊल. त्यांची नात लेस्टरला राहते. वय पंधरा, सहा वर्षे ख्याल शिकते आहे. आजवर पेटीवर व मोबाईलमधल्या तानपुऱ्यावर भागले. आता गुरूंनी सांगितले, खरा तंबोरा हवा. मुलीच्या आईने तिकडच्या वाद्यांच्या दुकानात चौकशी केली. तंबोरा मिळत होता, तोही मिरजेचाच. पण किंमत मिरजेतल्या भावाच्या तिपटीजवळ. अण्णांच्या व्यापारी मनाला हे पटेना. उगमाशी राहणाऱ्याने कालव्याच्या टोकाचे पाणी विकत का घ्यावे?

पहिला विचार घरच्याच वाद्याचा झाला. अण्णांच्या आत्याबाईंचा जुना तंबोरा माळ्यावर होता. गल्लीतल्या कारागिराने गवसणी काढली, भोपळ्यावर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "अण्णा, वाद्य नामी आहे, पण ह्याला देशाबाहेर नेता येणार नाही." तंबोऱ्याचे मणी आणि गळ्यावरची नक्षी हस्तिदंताची होती. भारतीय हस्तिदंताचा व्यापार 1986 च्या दुरुस्तीने आणि बाहेरून आलेल्या हस्तिदंताचा 1991 च्या दुरुस्तीने कायद्याने बंद झाला. ब्रिटननेही 2018 साली कायदा करून 2022 पासून तो अमलात आणला. 1975 पूर्वीच्या आणि 20 टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वाद्यांना तेथे नोंदणी करून विक्रीची सूट मिळते खरी. पण इथली वेसच ओलांडता येत नसेल तर तिथल्या सवलतीचा उपयोग काय? आत्याबाईंचा तंबोरा पुन्हा माळ्यावर गेला.

मिरजेला ही कला कशी आली, हे गल्लीत कोणीही सांगेल. आदिलशाहीत येथे शिकलगार होते. तलवारी-भाल्यांना धार लावणे, शस्त्रे घासूनपुसून लखलखीत करणे हा त्यांचा व्यवसाय. इंग्रजी अंमलात शस्त्रांची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी वाद्ये दुरुस्त करता करता वाद्ये घडविण्यास प्रारंभ केला, आणि सतारमेकर हे पुढे आडनावच झाले. पटवर्धन संस्थानिकांनी गायन-वादनाला आश्रय दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिक्षण मिरजेतच झाले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले आणि 1937 साली निवर्तल्यावर येथील मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. वाद्याची जवारी स्वतः लावणारा तो गवई; अशा गिऱ्हाइकापुढे कारागिराची फसवाफसवी चालत नसे. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मागे ही एवढी पुण्याई आहे.

भोपळा मात्र मिरजेचा नव्हे. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या खोऱ्यातून. वेलीवर पक्व होऊन वाळलेले ते कडू फळ खाण्याच्या कामाचे नसते. शेतकरी ते आकारावर आणि घेरावर विकतो. पुरुषी तंबोऱ्याला पन्नास इंचांहून अधिक घेराचा भोपळा लागतो, बायकी तंबोऱ्याला त्याहून लहान. भोपळा कापून, भिजवून, आकार देऊन पुन्हा वाळवतात. मग त्याला तुणाच्या लाकडाचा गळा, दांडी आणि वरची तबली जोडतात. पोलादी तार पुष्कळदा जर्मनीची असते. तेथल्या रोसलाऊ तारेचे नाव वादकांच्या तोंडी आहे. म्हणजे देशी वाद्याचा सूर विलायती तारेवर आणि विलायतेत विकले जाणारे वाद्य भीमाकाठच्या भोपळ्याचे. स्वदेशी-परदेशी या हिशेबाची रेघ कोठे ओढावी, हे अण्णांसारख्या मुरलेल्या व्यापाऱ्यालाही सांगता आले नसते.

"मुलगी कुठल्या पट्टीत गाते?" कारागिराने विचारले. अण्णांना ठाऊक नव्हते. फोन लावला गेला. तिकडे सकाळ नुकतीच उजाडलेली. झोपाळू आवाजात षड्ज आला. कारागिराने कान देऊन सांगितले, "पांढरी पाच. बायकी तंबोरा." पट्टीवर भोपळ्याचा घेर, तारांची जाडी आणि दांडीची लांबी ठरते. लेस्टरच्या दुकानात तयार असलेला तंबोरा पुरुषी होता, ही गोष्ट तेव्हा उघड झाली. तोपर्यंत कोणी विचारलेच नव्हते.

मग घोडीचा प्रश्न आला. घोडी म्हणजे भोपळ्यावरच्या तबलीवर बसविलेली ती रुंद पट्टी, जिच्यावरून तारा जातात. तिचा माथा सपाट नसतो. अगदी सौम्य उतार दिलेला असतो. त्या उतारावर तार किंचित घासत थरथरते आणि तार व घोडी यांच्यामध्ये सरकविलेल्या सुती धाग्यामुळे स्वर फुलतो. हीच जवारी. तंबोऱ्याचे सारे मोल या बोटभर जागेत आहे. पूर्वी घोडी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची करीत. आता उंटाच्या हाडाची करतात, फायबरची करतात, आबनुसाच्या लाकडाचीही करतात. कारागिराने सवयीने हाडाची घोडी लावलेला तंबोरा पुढे केला. स्वर भरदार, लांब टिकणारा, कोठेही न फाटणारा.

अण्णांनी घोडी कशाची म्हणून विचारले, आणि उत्तर ऐकून हात मागे घेतला.

श्रावकाचाराच्या ग्रंथांत श्रावकाने टाळावयाचे जे पंधरा व्यवसाय कर्मादाने म्हणून सांगितले आहेत, त्यांत दंतवाणिज्य आहे आणि लाक्षावाणिज्यही. दात, शिंग, हाड यांचा व्यापार एका नावात येतो, लाखेचा दुसऱ्या. वाद्याचे पारंपरिक पॉलिश लाखेचेच. अण्णा वाद्य विकणार नव्हते, एकच घेणार होते. तेव्हा वाणिज्याचा शब्दशः दोष त्यांना लागत नव्हता. पण ज्याने चाळीस वर्षे आपल्या पेठेत काय विकायचे नाही याचा नेम पाळला, त्याने घेताना शब्दाची फट शोधावी हे त्यांना रुचले नाही. त्यांनी आबनुसाची घोडी आणि लाखेविना पॉलिश मागितले. कारागिराने स्पष्ट सांगितले : लाकूड हाडापेक्षा मऊ, तारेचा चर त्यात लवकर पडतो, जवारी लवकर उतरते. "इथं असता तर सहा महिन्यांनी आणून दिला असता, मी पुन्हा लावून दिली असती. तिकडं कोण लावणार?"

विलायतेत महाग विकणाऱ्या दुकानदाराची बाजू येथे प्रथमच अण्णांच्या ध्यानात आली. तो वाहतुकीत फुटलेल्या भोपळ्याचे नुकसान सोसतो, हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेने सांधा उकलला तर चिकटवून देतो, जवारी लावणारा माणूस पदरी ठेवतो. तिपटीतला सगळाच भाग नफा नव्हता. पेठेतला माणूस हे दुसऱ्याच्या मालाबाबत नेहमी उशिरा समजून घेतो.

कुरियरने पाठवावे तर वस्तूची किंमत आणि वाहतूकखर्च या दोहोंवर ब्रिटनमध्ये 20 टक्के व्हॅट. प्रवाशाने स्वतःसोबत, स्वतःच्या वापरासाठी आणले तर 390 पौंडांपर्यंत कर नाही. किंमत त्या मर्यादेत बसत होती. शेजारच्या एका हितचिंतकाने बिल आणखी थोडे उतरवून घेण्याचा सल्ला दिला. अण्णांनी त्याकडे लक्ष दिले नाही. ठरले असे की तंबोरा तयार करून ठेवावा आणि नात सुट्टीत येईल तेव्हा ऐकून न्यावा. फोनवरून दोन घोड्यांतला फरक तिला ऐकविण्याचा एक प्रयत्न झालाही. फोनमधून दोन्ही सारख्याच किरट्या ऐकू आल्या.

नात श्रावणात आली. गल्लीत पाऊस होता आणि दमट हवेत तारा सारख्या उतरत होत्या. कारागिराने एकाच मापाचे दोन तंबोरे तिच्यासमोर ठेवले, घोडी कोणती ते सांगितले नाही. तिने डोळे मिटून आधी एक छेडला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तिने निवडला तो हाडाच्या घोडीचा.

कोणीच काही बोलले नाही. अण्णा गप्प राहिले असते तर व्यवहार तेथेच पुरा झाला असता. त्यांनी घोडी कशाची ते सांगितले आणि पुढे म्हणाले, "तुझा कान खोटा नाही, बाळ. वाद्य तुला वाजवायचंय. ठरव तू." मुलीने बराच वेळ दोन्ही घोड्यांवरून बोट फिरविले. मग कारागिराला विचारले, "चाचा, लाकडाची ह्याच्या जवळ आणता येईल?"

"जवळ येईल. तीच होणार नाही."

पुढचे दोन दिवस त्याने आबनुसाच्या घोडीवर घालविले. कानस, काचकागद, पुन्हा कानस. धागा केसभर पुढे, केसभर मागे. मुलगी समोर बसून पाहत होती. दुसऱ्या दिवशी त्याने कानस तिच्या हाती दिली आणि एका टाकाऊ घोडीवर उतार कसा धरायचा ते दाखविले. तिने तीन घोड्या बिघडविल्या. चौथी त्याने उचलून प्रकाशात धरली, काही बोलला नाही, पण फेकलीही नाही. धागा सरकवून जवारी खुलविणे मात्र तिला संध्याकाळपर्यंत जमू लागले.

तंबोऱ्याची पेटी विमानकंपनीच्या 158 सेंटिमीटरच्या मर्यादेत बसणारी नव्हती. जादा आकाराचे भाडे भरावे लागले, आणि तो आकडा अण्णांनी मूळ किमतीखाली वहीत नोंदविला. तारा सैल करून, भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळून तंबोरा पेटीत गेला. सोबत अर्धवट घासलेल्या आबनुसाच्या दोन जादा घोड्या, एक बारीक कानस आणि सुती धाग्याचे रीळ. बिलावर कारागिराने, तिकडच्या कस्टमवाल्यांनी विचारले तर म्हणून, प्रत्येक जिन्नस वेगळा लिहिला : भोपळा, तुणाचे लाकूड, घोडी आबनुसाची, मणी प्लास्टिकचे, पॉलिश लाखेविना. रक्कम खरी होती. मुलीने ते बिल घडी घालून पासपोर्टात ठेवले.