वर्धेचा गाळ आणि कांदळवनातले शिंपले

वर्धा नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते. धाम, बोर, यशोदा, वणा या नद्यांचे पाणी अखेर तिच्यातच येते. पुढे ती वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. गोदावरीच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे कांदळवन आहे. त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्धा जिल्ह्याच्या काळ्या मातीचा काही अंश अखेर तिवरांच्या मुळांशी जाऊन बसतो. गोदावरीच्या मुखाबाहेरील समुद्रतळाच्या गाळावरून असे दिसते, की गेल्या सुमारे चार हजार वर्षांत, शेती पसरत गेली तसा, दख्खनच्या काळ्या खडकापासून आलेल्या मातीचा वाटा वाढत गेला.

या गाळातील जड धातूंचा विचार करताना पहिली गफलत होते ती तुलनेत. गाळ दूषित आहे की नाही हे ठरवताना बहुधा 1961 साली प्रसिद्ध झालेली शेल खडकाची जागतिक सरासरी घेतली जाते. त्यात तांबे किलोला 45 मिलिग्रॅम, क्रोमियम 90, शिसे 20 आणि कॅडमियम 0.3 धरले आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मात्र तांबेच मुळात शंभर मिलिग्रॅमच्या वर असते. त्या मापाने आर्वीचे निर्मळ शेतही प्रदूषित ठरेल. म्हणून आकडा नुसता न पाहता त्याच नमुन्यातील अॅल्युमिनियमशी असलेले त्याचे गुणोत्तर पाहावे लागते आणि तुलना त्याच खोऱ्यातील जुन्या, खोल थरांशी करावी लागते. शिसे, कॅडमियम, पारा हे बेसाल्टमध्ये अल्प असतात. ते वाढलेले दिसले तर माणसाकडे बोट दाखवायला जागा असते.

खोऱ्यातच धातूंचे काही स्रोत आहेत. कारंजा, आर्वी, आष्टी भागातील संत्र्याच्या बागांत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वापरतात. त्यातून तांबे येते. फॉस्फेट खतांसोबत थोडे कॅडमियम येते. खाली वणी, घुग्गुस, बल्लारपूरचा कोळसापट्टा आणि इरईकाठचे चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र आहे; कोळशात पारा आणि आर्सेनिक अल्प प्रमाणात असतातच, आणि हजारो टन कोळसा जळतो तेव्हा ते अल्प राहत नाहीत. ऊर्ध्व आणि निम्न वर्धा यांसारखी धरणे जाडसर गाळ अडवतात. पण धातू प्रामुख्याने चिकटतात ते अतिसूक्ष्म चिकणमातीच्या कणांना, आणि नेमके हेच कण धरणाच्या सांडव्यावरून सर्वांत सहज निसटतात.

खारे पाणी लागताच हे तरंगते कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि खाली बसतात. तिवराची वर डोकावणारी श्वसनमुळे भरतीचे पाणी मंदावतात, त्यामुळे गाळ आणखी साचतो. वरचा पातळ थर सोडला तर त्या चिखलात प्राणवायू नसतो. सल्फेटवर जगणारे जिवाणू तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार करतात; चिखलाचा काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास यातूनच येतो. शिसे, कॅडमियम, जस्त, तांबे या सल्फाइडशी बांधले जाऊन जवळजवळ अविद्राव्य होतात. कांदळवन धातूंची तिजोरी ठरते ते असे. मात्र ड्रेजिंग झाले, भराव टाकला किंवा तिवर तोडून चिखल उघडा पडला, की हवेच्या संपर्काने सल्फाइडचे सल्फेट होते आणि धातू सुटून पाण्यात येतात. कॅडमियम तर खाऱ्या पाण्यातील क्लोराइडशी संयुग करून विरघळलेलेच राहते. पाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि अधिक वाईट: तेच जिवाणू त्याचे मिथिलपारा करतात, आणि तो सजीवांच्या शरीरात साठत जातो. 1956 मध्ये उघड झालेल्या जपानच्या मिनामाता रोगात मिथिलपारा कारखान्यातच तयार होऊन उपसागरात आला होता. कांदळवनाच्या चिखलात त्याला कारखान्याचीही गरज नसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत ठळक दिसतो तो ठाण्याच्या खाडीत. 1960च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायन कारखाने वाढले, आणि पावसाळा सोडला तर खाडीला गोडे पाणी फारसे मिळत नाही. टाकलेले तिथेच फिरत राहते. 2015 मध्ये ही खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर स्थळ. गाळातील जुने धातू अशा घोषणांनी हलत नाहीत.

चिखलात किती धातू आहे हे कळले तरी खाणाऱ्याला काय मिळेल ते कळत नाही; ते शिंपलेच सांगतात. तिसऱ्या, खुबे, कालवे, शिणाणे पाणी गाळून अन्न मिळवतात; एक कालव तासाला काही लिटर पाणी गाळते. धातू पेशींतील मेटॅलोथायोनीन या प्रथिनाशी बांधले जातात आणि साठतात. सगळे शिंपले सारखे नसतात: कालव जस्त आणि तांबे बेसुमार साठवते, इतके की तांब्याने त्याचे मांस हिरवटते, शिणाण्याला हे दोन धातू बऱ्याच अंशी आवरता येतात, कॅडमियम आणि शिसे नाही. स्वच्छ पाण्यात दोन दिवस ठेवल्यास जिवाणू बरेच कमी होतात, धातू जवळपास तितकेच राहतात, आणि शिजवल्यानेही ते नाहीसे होत नाहीत.

मर्यादा ओल्या मांसावर ठरवलेल्या असतात. युरोपात शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला 1 मिलिग्रॅम आहे, शिशाची 1.5. संशोधनाचे आकडे मात्र अनेकदा कोरड्या वजनाचे असतात, आणि मांसात सुमारे ऐंशी टक्के पाणी धरले तर ते पाचपट मोठे दिसतात. बातम्यांत ही सरमिसळ सर्रास होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2010 मध्ये कॅडमियमसाठी महिन्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे 25 मायक्रोग्रॅम ही सहनीय मात्रा ठरवली. साठ किलोच्या माणसाला ती दीड मिलिग्रॅम होते, म्हणजे मर्यादेइतके कॅडमियम असलेले दीड किलो मांस. शहरी ग्राहक महिन्याला इतके खात नाही. आठवड्यातून अनेकदा शिंपल्यांवर भागवणाऱ्या कोळी कुटुंबाचे गणित वेगळे आहे, शिवाय भातातून येणारे कॅडमियम त्यात धरलेले नाही. सरासरी ग्राहकावर बेतलेला सल्ला या कुटुंबांच्या उपयोगाचा नाही.

वर्धेच्या पात्रातही गोड्या पाण्याचे शिंपले आहेत, लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिससारखे, आणि तेही पाणी गाळूनच जगतात. कोळसापट्ट्याच्या वर आणि खाली, एकाच आकाराचे, एकाच ऋतूत, अंडी घालण्यापूर्वी गोळा केलेले असे नमुने तपासले, तर कोरिंगाकडे काय निघाले आहे याचा अंदाज मुखाशी पोहोचण्याआधीच बांधता येतो.