लांडगा आणि मेंढरे

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कॅल्व्हरी नावाची कॅथोलिक दफनभूमी आहे. तिच्याविषयी वाचताना आम्ही दोन कबरींपाशी थबकलो.

पहिली इग्नाझिओ लुपोची. ‘लुपो’ म्हणजे लांडगा. १८७७ साली पालेर्मोत जन्मलेला हा व्यापारी प्रतिस्पर्ध्याचा खून करून अमेरिकेस पळाला आणि मोरेल्लो टोळीची दहशत बनला. त्याचे भक्ष्य होते त्याचेच देशबांधव, त्याच्याच धर्माचे गरीब स्थलांतरित. १९०३ साली रस्त्यावर एका पिंपात प्रेत सापडले. लुपोसह अनेकांना अटक झाली. पण साक्षीदारांच्या जिभा अडखळल्या आणि सारे सुटले. पुढे १९१० साली त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली, तीही खोट्या नोटांपायी!

दुसरी कबर त्याला पकडणाऱ्या पोलीस अधिकारी जोसेफ पेट्रोसिनो यांची. तेही इटालियन, तेही कॅथोलिक. १९०९ साली गुन्हेगारांचे पुरावे गोळा करण्यास ते पालेर्मोला गेले आणि तेथेच गोळ्यांना बळी पडले.

लुपो १९४७ साली वारला. त्यालाही त्याच पवित्र भूमीत विसावा मिळाला. देवाच्या दयेला कुंपण घालणारे आम्ही कोण?

तरीही एक सल उरतो. त्या लांडग्याला मेंढरांच्या मौनाने पोसले होते. आळीतल्या दांडग्यापुढे आम्हीही ‘आपल्याला काय त्याचे?’ म्हणत दार लावतो आणि जपमाळ हाती घेतो. पापनिवेदनात या मौनाचा उच्चार आम्ही कधी केला आहे काय?