मसुऱ्याच्या खळ्यात हुसेनची छत्री

पहिला प्रश्न छत्रीबद्दल आला.

"थंय पावस पडता काय गो बाय?" पडवीच्या पायरीवर बसलेल्या आजींनी विचारलं.

राजस्थान आहे आजी, तिथे पाऊस फार थोडा, मी म्हणाले.

"मगे छत्री कित्याक?"

कोणीतरी मागून म्हणालं, उन्हाक धरतत. आजींना ते पटलं नाही. "उन्हाक तर उन्हाक. पण तिचो मालक कोण?"

मी दहा वर्षांत चित्रकार हुसेनची ही फिल्म कितीदा पाहिली असेन त्याची मोजदाद नाही, पण छत्रीचा मालक कोण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. इंदूरला आमच्या मंडळात ती दाखवली तेव्हा छत्री हे प्रतीक आहे, असं मीच उभी राहून सांगितलं होतं. कशाचं, ते कोणी विचारलं नाही. टाळ्या झाल्या, चहा झाला, लोक "छान होती" म्हणत घरी गेले.

इंदूरहून मसुऱ्याला यायचं म्हणजे देश ओलांडून जाण्यासारखंच आहे. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई, तिथून रात्री कोकणकन्या, पहाट उलटून गेल्यावर कणकवली आणि पुढे एस.टी. आमची माळव्याची माती काळी, सपाट, डोळा जाईल तिथपर्यंत एकसारखी. इथे एस.टी.च्या खिडकीतून पाहावं तर रस्त्याच्या कडेची कापलेली जमीन कुंकवासारखी लाल, तिच्यावर काजूची झाडं, मध्येच एक व्हाळ, मध्येच माडांची रांग आणि वळण संपलं की एकदम खाली गड नदीचं पाणी. मी शेजारच्या बाईंना विचारलं, ही नदी की खाडी? त्या म्हणाल्या, "भरती इली काय खाडी, ओहोटी लागली काय नदी." पुढचे चार दिवस मला असंच काहीतरी ऐकायला मिळणार होतं.

मसुरं हे एक गाव नव्हे, वाड्यांचा पसारा आहे. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला डोंगराची कड ओलांडावी लागते. गावाच्या डोक्यावर भरतगड आहे, खाडीच्या पलीकडे भगवंतगड, दोघे एकमेकांकडे तोंड करून. 1818 मध्ये इंग्रजांच्या हाती गेल्यावर इथली लढाई संपली आणि आता भरतगडाच्या आत आंबा-काजूची बाग आहे. आंगणेवाडी, जिथल्या भराडीदेवीच्या जत्रेला लाखांनी माणूस लोटतं, ती मसुऱ्याचीच वाडी. या जत्रेला ठरलेली तिथी नाही. शेतीची कामं आटोपली की देवीला कौल लावतात आणि मग तारीख निघते. मी आले तेव्हा जत्रा होऊन गेली होती. मैत्रिणीच्या सासरी, जिथे मी उतरले होते, खाज्याच्या पुड्या अजून डब्यात होत्या.

फिल्म बरोबर आणण्यामागे फार विचार नव्हता. लॅपटॉपवर होती, इतकंच. पण दुसऱ्या रात्री शेजारच्या देवळात दहीकाला, म्हणजे दशावतारी खेळ, होता. तिथे लोक त्याला धयकालो म्हणतात. मी पहाटेपर्यंत बसले आणि उठताना मनात पक्कं झालं की हुसेनची फिल्म या लोकांना दाखवायची.

त्या रात्रीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. देवळाच्या सभामंडपात रंगमंच म्हणून एक लाकडी बाकडं होतं. पडदा नाही, देखावा नाही. एका कडेला पायपेटी, पखवाज, झांज. नट स्वतःच आरसा समोर धरून स्वतःचा चेहरा रंगवत होते आणि गावातली पोरं त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहत होती. स्त्रीची भूमिका करणारा पुरुष लुगड्याच्या निऱ्या इतक्या निगुतीने घालत होता की माझी आजी आठवली. आधी गणपती आला, ऋद्धिसिद्धी आल्या, मग वेद चोरणारा काळ्या वेषातला संकासुर आला आणि त्याच्या मालवणी बोलण्याला सभामंडप खदखदून हसला. मग मुख्य आख्यान. मी विचारलं, संहिता कुठे मिळेल? कळलं की संहिता नसतेच. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कोणी कोण व्हायचं ते ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे, समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायचे. राजा बाकड्यावर बसला, ते सिंहासन झालं. थोड्या वेळाने त्याच बाकड्यावर कोणी चढलं आणि तो कडा झाला. बाकड्याला कोणी हात लावला नव्हता.

म्हणून चौथ्या संध्याकाळी मैत्रिणीच्या खळ्यात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर चटया पसरल्या, चिऱ्याच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं आणि एका तरुण शेजाऱ्याने कुठूनतरी छोटा प्रोजेक्टर आणला. तीसेक माणसं आली असतील. त्यात दशावतारात काम करणारे एक काका होते, धयकाल्यातला पखवाजवाला होता, मुंबईहून परत येऊन राहिलेले एक चाकरमानी होते, एक निवृत्त गुरुजी, बायका आणि भरपूर पोरं.

फिल्म हुसेनची, 1967 सालची, 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. स्वातंत्र्याला वीस वर्षं होत होती आणि सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये तेव्हा एक वेगळं वारं होतं. ज्याँ भावनगरी पॅरिसहून परत आले होते. त्यांनी तरुणांना आणि चित्रकारांनाही कॅमेरा हातात घ्या म्हटलं. प्रमोद पतींनी पुढच्याच वर्षी 'एक्सप्लोरर' केली. अकबर पदमसींनी थोड्याच काळात मुंबईत स्वतःची कार्यशाळा उभारून, ज्यात माणूसच नाही, नुसत्या रेषा आणि बिंदू आहेत, अशी 'सिझिजी' केली. तय्यब मेहतांची 'कूडल' 1970 ची. हुसेन त्या सगळ्यांच्या आधी. ते बुंदी, चितोड, जैसलमेरला गेले आणि कृष्णधवल, संवादाशिवाय, जेमतेम पाव तासाची फिल्म घेऊन आले. गोष्ट नाही. किल्ल्याच्या भिंती, वाळू, माणसं, जनावरं आणि त्यांच्यामधून पुन्हा पुन्हा येणाऱ्या तीन वस्तू: छत्री, कंदील, जोडा. संगीत विजय राघव राव यांचं. बर्लिनच्या महोत्सवात लघुपटाचं सुवर्ण अस्वल तिला मिळालं आणि आपल्याकडे उत्कृष्ट प्रायोगिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही.

सुरू करण्याआधी मी एवढंच सांगितलं की हा चित्रकार पंढरपुरात जन्मला, 1915 साली, आणि आमच्या इंदुरात वाढला, तिथे देवळालीकर मास्तरांच्या शाळेत चित्र शिकला.

"पंढरपूरचो?" आजी सावरून बसल्या. "म्हणजे इठोबाच्या गावचो."

त्यानंतर हुसेन परका राहिला नाही. फिल्म संपेपर्यंत आजी त्याला "तो पंढरपूरचो" म्हणत होत्या.

मला वाटलं होतं, पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होईल. पोरं उठून गेलीही, दोन-तीन. पण बाकीचे असे पाहत होते जसं कोणी परगावच्या शेतातून चालताना पाहतं. हे कोणतं पीक, विहीर किती खोल, बैल कुठल्या जातीचा. किल्ल्याची भिंत आली तर एक गृहस्थ म्हणाले, चिरो न्हय ह्यो, दुसरोच दगड. गावात भरतगड असल्यावर माणूस दुसऱ्या गडाचा दगड आधी बघणारच. कंदील आला तेव्हा आजी उठून आत गेल्या. मला वाटलं कंटाळल्या. त्या स्वतःचा कंदील घेऊन बाहेर आल्या. पत्र्याची टाकी चेपलेली, काच राखेने घासून पारदर्शक केलेली, कडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली, हाताला तार लागू नये म्हणून. फिल्म चालूच होती. त्यांनी तो मांडीशी ठेवला आणि पडद्यावरचा कंदील आणि हा, आळीपाळीने पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "वात वर केल्यार काच काळी पडता. त्येका म्हायती आसा." तिथली वात योग्य उंचीवर आहे हे त्यांनी पाहिलं होतं. हुसेनला कंदील वापरता येतो, हा त्यांचा अभिप्राय. बर्लिनच्या परीक्षकांनी फिल्मला अस्वल दिलं, पण ही दाद त्यांना सुचली असेल असं मला वाटत नाही.

गुरुजींना अर्थ हवा होता. ते नम्रपणे पण ठामपणे म्हणाले, "ह्येचो अर्थ काय तो एकदा सांगा, म्हणजे आमका बघूक बरा." मी अडखळले. चाकरमानी काकांनी मध्येच सांगितलं की गिरणगावात असताना सिनेमाच्या आधी सरकारी डॉक्युमेंटरी लागायची आणि ते मुद्दाम पंधरा मिनिटं उशिरा जायचे. "आम्हाला वाटायचं, खत आणि धरणं. त्यातली एखादी अशी काही असेल हे कोणी सांगितलंच नाही." त्यांच्या आवाजात खरी हळहळ होती. एका तरुणाने सरळ सांगितलं, "माका झोप इली." त्यालाही मी मनापासून मान दिला, तो खोटं बोलला नाही.

बारावीतल्या एका मुलीचं बोलणं मात्र मला आजतागायत सोडत नाही. ती म्हणाली की एकाला एक न लागणारी चित्रं तिला नवी नाहीत, फोनवर दिवसभर तेच चालतं. "पण फोनार एकदा गेला ता परत येणा नाय. हय छत्री परत येता."

एवढंच बोलून ती लाजून आईच्या मागे सरकली. लघुपटावरची कितीतरी समीक्षा मी वाचली आहे. परत येण्याने वस्तूत काय भरतं हे इतक्या थोडक्यात सांगितलेलं वाचलं नव्हतं.

आंगणेवाडीत माहेर असलेल्या एक वहिनी बोलणं नसण्याबद्दल बोलल्या. इतर बायकांना फिल्म मुकी वाटली, ती त्यांना वाटली नाही. भराडीदेवीच्या प्रसादाची ताटं तयार करताना घरातल्या बायका अबोल असतात. "रांधतना कोण शबूद काढणा नाय," त्या म्हणाल्या, "पण कोणाचा काय चुकणा नाय. सगळी एकमेकीच्या हाताकडे बघतत." मग पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, ही फिल्म पण हाताकडेच बघता.

दशावतारी काका सगळ्यांचं होईपर्यंत गप्प होते. मी स्वतःहून विचारलं तेव्हा त्यांनी तंबाखूची चंची बंद केली.

"ताई, आमचा बाकडा तुमी बघलात. राजा बसलो काय ता सिंहासन. पण कोण तरी येवन बसूक व्हया. तोपर्यंत ता नुसता बाकडा." जरा थांबले. "ह्येच्यात छत्री वाट बघता, कंदील वाट बघता, जोडो वाट बघता. कोण येतलो ता सांगूक नाय."

म्हणजे कमी पडलं? मी विचारलं.

"नाय, नाय. बरा केल्यान. सांगल्यान असता तर आमी त्येकाच बघलो असतो. मगे छत्री कोण बघतलो?"

पखवाजवाल्याने हसून मान हलवली. गुरुजी काकांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मगे परत एकदा लावा."

दुसऱ्या वेळी पोरंही परत आली. या वेळी ती छत्री मोजत होती. दोन भावांचा आकडा जुळेना. एक म्हणायचा, उघडलेली आणि मिटलेली वेगवेगळी धरायची, दुसरा म्हणायचा, छत्री ती एकच. आई त्यांना गप्प करत होती, पण मोठ्यांपैकीही तिघे-चौघे त्या वादात उतरले. आजींचा कंदील कोणीतरी पेटवला होता. त्या मधूनच वात खाली करत होत्या, पडद्यावर उजेड पडू नये म्हणून.

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर त्या दोन भावांतला धाकटा धावत आला. पायात चप्पल नव्हती, पाय घोट्यापर्यंत लाल. मला वाटलं आकडा सांगायला आला. त्याने विचारलं, "ती छत्री आता खंय आसा?"

त्या चित्रकाराच्या घरी असेल का, की राजस्थानात कोणाच्या, की फिल्म संपल्यावर कोणी पावसात वापरून मोडली, हे मला सांगता आलं नाही. हुसेन 2011 मध्ये लंडनला वारले, एवढं सांगितलं. तो विचार करत उभा राहिला. गाडी आली, मी चढले, खिडकीतून पाहिलं तर तो घराकडे न जाता खाडीच्या वाटेने उतरत होता आणि पाणी वर चढत होतं.