वाईची ई

माझी एसटी वाईला जाते, कारण तिच्या पाटीवर दुसरं गाव मावत नाही. गाडी १:७६ या प्रमाणातली, खऱ्या अकरा मीटरची साडेचौदा सेंटिमीटर झालेली. समोरच्या काचेमागची पाटी आठ मिलिमीटर लांब आणि दोन मिलिमीटर उंच. मनात होतं महाबळेश्वर. पेन्सिलीनं 'ळ'पर्यंत आलो, पुढचा 'श्व' दिसला, आणि घाट लागायच्या आधीच गाडी मागे घेतली. मग फलटण, सातारा, कराड असं उतरत उतरत वाईला येऊन थांबलो. दोनच अक्षरं, शिवाय ढोल्या गणपतीचं गाव. म्हटलं, पावेल.

या मापात खऱ्या गाडीवरचं चार सेंटिमीटरचं अक्षर अर्ध्या मिलिमीटरचं होतं. बघणारे विचारतात, ब्रश केवढा बारीक लागत असेल! मीही तसाच फसलो होतो. तीन शून्यांचा, पापणीच्या केसासारखा ब्रश हौसेनं आणला. त्याच्यावर रंग राहतच नाही, आणि राहतो तो गाडीपर्यंत पोचेस्तोवर वाळतो. काम करतो तो सेबलच्या केसांचा, जरा पोट असलेला ब्रश. पोटात रंग धरणारा, टोकाला सुईसारखा जुळणारा. रंग पातळ हवा, पण पळता नको. मनगट टेबलाला, करंगळी गाडीला टेकवायची. श्वास सोडून झाला, की पुढचा घ्यायच्या आधी एक रेघ. चहा नंतर, नाहीतर हात थरथरतो. चाळिशीवर आणखी भिंग चढवलं, की स्वतःचाच अंगठा गेंड्यासारखा दिसायला लागतो.

लालावर पिवळं लिहिणं म्हणजे तर दुप्पट मजुरी. पिवळा रंग अंगानं दुबळा. खालचा लाल त्यातून डोकावतो आणि अक्षर नारिंगी होतं. म्हणून आधी सगळं पांढऱ्यानं लिहायचं, वाळलं की त्याच रेघांवरून पिवळ्यानं. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेलेली पहिली एसटी निळी आणि रुपेरी होती म्हणतात. तीच करायला हवी होती, असं वाटून गेलं; पण निळ्यावर पिवळा हिरवट पडला असता. सुटका नाहीच.

अक्षर जाड आलं तर पुसायला जायचं नाही. पूर्ण वाळू द्यायचं आणि मागच्या रंगानं दोन्ही अंगांनी तासत आणायचं. पिवळी रेघ लालानं बारीक होते. बारीक अक्षरं निम्मी अशी मागच्या रंगानंच लिहिलेली असतात. पाण्यात भिजवून सरकवायच्या डेकलनी हा सगळा खटाटोप वाचतो, हे मला माहीत आहे. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, हे मी सांगतो ते कारण. खरं कारण हट्ट.

सगळ्यात धास्ती होती ती 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' या ओळीची. चार शब्द, चौदा अक्षरं, जागा जेमतेम सेंटिमीटरभर. दोन रात्री घालवल्यावर कळलं, की ही ओळ लिहायचीच नाही. चार तुटक शिरोरेषा ओढल्या, खाली उभ्या बारीक खुणा दिल्या. त्यांत क कुठला आणि ड कुठला ते मलाही सांगता येणार नाही. इमानानं दिलं ते फक्त रेषेच्या वरचं: पहिल्या शब्दावर टिंब आणि शेवटची वेलांटी, दुसऱ्यावर मात्रा, चौथ्यावर रफार. मराठी डोळा बहुधा वरूनच वाचतो. खालचं त्याला पाठ असतं.

हे पडताळायला आत्या मिळाली. उभी नोकरी एसटीनं ये-जा करत मराठी शिकवण्यात गेलेली. तिनं गाडी तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागच्या बाजूला नाक लावून घडाघडा वाचलं, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. अगदी तस्सं काढलंयस रे!" मी लिहिलेलंच नव्हतं, ते तिनं रफारासकट वाचलं.

मग तिनं गाडी फिरवली.

"वाइ?" ती म्हणाली. "अरे, वाईची ई दीर्घ. एवढं शिकवलं, ते कुठं गेलं?"

दोनच अक्षरं म्हणून निवडलेलं गाव, आणि ईच्या डोक्यावरच्या आकड्यानं घात केला. तो आकडा आधी फुगून ठिपका झाला होता. पांढऱ्यानं तासायला गेलो आणि अख्खाच उडाला. माझ्या नजरेतून सुटला, तिच्या नाही. जे नव्हतं ते तिनं भरून घेतलं होतं. पण शुद्धलेखनात सूट द्यायला ती तयार नव्हती.

तेव्हापासून पाटी चार वेळा नवी केली. दोनदा ई काळा डाग झाली, एकदा तिला शिंगं आली, एकदा पाटीच फरशीवर पडून हरवली. पाचवी कापून ठेवली आहे, अजून कोरी. तोवर जुनीच पाटी लावलेली आहे आणि गाडी वाइला जाते.